एनएचई-१ ची चाल मोजताना: अमोनियम पल्सचा प्रयोग, पहिल्या द्रावणापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

एनएचई-१ हा पेशीच्या पटलावरचा वाहक सोडियम आत घेऊन आम्ल (प्रोटॉन) बाहेर टाकतो; बाहेर सोडियम नसेल तर तो थांबायला हवा. बाहेरचे सोडियम काढून घेतले तरी पेशीचा पीएच हळूहळू वर सरकतो आहे, असा आलेख हाती आला की विद्यार्थ्याला पहिली शंका नव्या वाहकाची येते. शंका घ्यायची ती आधी बाटलीवर. बहुतेक वेळा त्या "सोडियमविरहित" द्रावणाचा पीएच कुणीतरी सवयीने सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवलेला असतो. २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) ७.४ वर आणायला जवळपास १० मिलिमोलर सोडियम आत जाते, आणि एनएचई-१ ला निम्म्या वेगाने धावायला बाहेरचे सोडियम दहा-पंधरा मिलिमोलरच्या आसपासच लागते. म्हणजे ज्याला बंद ठेवायचे होते तो वाहक अर्ध्या ताकदीने चालू असतो आणि आपण त्याच आलेखाला "कंट्रोल" म्हणतो.

बडोद्यात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या, घरी मराठी आणि प्रयोगशाळेत गुजराती-इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. प्रयोग तोच: पेशीला थोडा वेळ अमोनियम क्लोराइड देऊन ते काढून घ्यायचे (हीच पल्स), त्याने तिला आम्ल करायचे आणि ती स्वतःला किती वेगाने सावरते ते बीसीईसीएफ या, पीएचनुसार चमक बदलणाऱ्या रंगाने पाहायचे. कृती सोपी दिसते. आकडा चुकतो तो प्रत्यक्ष मोजणीत नव्हे, तिच्या आधी आणि नंतर.

कशावर लक्ष ठेवायचे

एनएचई-१ एक सोडियम आत घेतो आणि एक प्रोटॉन बाहेर टाकतो. एकास एक, त्यामुळे विद्युतभार हलत नाही आणि पटलाच्या व्होल्टेजचा त्यावर थेट परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आतल्या बाजूला प्रोटॉन ओळखणारी एक नियामक जागा आहे. पेशीचा पीएच ७.२ च्या आसपास असताना हा वाहक जवळजवळ स्वस्थ असतो, पीएच ६.६ वर आला की तोच जोरात चालू लागतो. म्हणून ६.४ पर्यंत उतरलेल्या पेशीचा वेग आणि ६.८ पर्यंतच उतरलेल्या पेशीचा वेग शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुलना एकाच आतल्या पीएचवर करायची. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण निम्म्या चुका इथूनच निघतात.

टप्पा १: पेशी आणि काचा

चिकटून वाढणाऱ्या पेशी घ्या. हेक-२९३ (माणसाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी) घेणार असाल तर कव्हरस्लिपला (पेशी वाढवायच्या पातळ काचेला) आधी पॉली-एल-लायसिनचा थर द्या. वाहत्या द्रावणात या पेशी पापुद्र्यासारख्या सुटतात आणि संकेत कोसळतो. कव्हरस्लिप क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी पारदर्शक पात्रात) तिरकी बसेल अशा मापाची कापून घ्या. प्रयोगाच्या दिवशी पेशींनी काच ऐंशी-नव्वद टक्के व्यापलेली असावी. त्याहून विरळ असेल तर संकेत कमी पडतो, त्याहून दाट असेल तर पेशींची वाढ मंदावलेली असते आणि वाहकाची चालही बदलते.

रक्तद्रवातले वाढीचे घटक एनएचई-१ ला जागे करतात. म्हणून प्रयोगाआधी माध्यमातून रक्तद्रव किती तास काढायचे ते एकदा ठरवा, आणि मग प्रत्येक काचेसाठी तेवढेच तास पाळा. चार तास चालतात, रात्रभरही चालते. सकाळची काच चार तासांची आणि दुपारची नऊ तासांची, हे मात्र चालत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून पेशी मागवत असाल तर एप्रिल-मे शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर फ्लास्क माध्यमाने गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून, थर्माकोलच्या खोक्यात आणा. बर्फ थेट फ्लास्कला टेकवू नका. आणल्यावर दोन-तीन वेळा पेशी नव्याने पसरवून झाल्याशिवाय मोजणी सुरू करू नये.

टप्पा २: द्रावणे

या टप्प्याला एक पूर्ण दिवस द्या. सगळी मापे एक लिटरसाठी आहेत. पाणी शुद्धीकरण यंत्राचेच हवे. नळाचे पाणी, मग ते अजवा तलावाचे असो की मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचे, बाटल्या शेवटच्या वेळी विसळायलासुद्धा नको.

द्रावण अ, सोडियमचे: सोडियम क्लोराइड १३० मिलिमोलर (७.६० ग्रॅम), पोटॅशियम क्लोराइड ५ (०.३७ ग्रॅम), कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.८ (०.२६५ ग्रॅम), मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १ (०.२० ग्रॅम), ग्लुकोज १० (१.८० ग्रॅम), हेपेस २० (४.७७ ग्रॅम). पीएच ७.४, सोडियम हायड्रॉक्साइडने.

द्रावण आ, अमोनियमचे: वरचेच सगळे, फक्त सोडियम क्लोराइड ११० मिलिमोलर (६.४३ ग्रॅम) आणि अमोनियम क्लोराइड २० (१.०७ ग्रॅम). अमोनियम वरून घालायचे नाही, सोडियम क्लोराइडच्या जागी घालायचे. वरून घातले तर ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) ४० मिलिऑस्मोलने चढते, पेशी आकसते, आणि आकसणे हेच एनएचई-१ ला चालू करणारे कारण आहे.

द्रावण इ, सोडियमविरहित: एन-मिथाइल-डी-ग्लुकामिन १४० मिलिमोलर (२७.३ ग्रॅम), बाकी क्षार, ग्लुकोज आणि हेपेस अ प्रमाणे, पीएच ७.४. ग्लुकामिन स्वतः अल्कली आहे, त्यामुळे त्याला हायड्रोक्लोरिक आम्लाने खाली आणायचे. लिटरला संहत आम्ल साधारण ११ मिली लागते. क्रम असा: ८०० मिली पाण्यात ग्लुकामिन विरघळवा, लगेच आम्लाचा बराचसा भाग थेंबाथेंबाने घाला, पीएच ८ च्या खाली आल्यावर हेपेस आणि मग कॅल्शियम-मॅग्नेशियम. उलट केलेत तर अल्कलीत मॅग्नेशियम-कॅल्शियमचा साका बसतो. शिवाय अल्कली द्रावण उघडे राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बायकार्बोनेट तयार करते, आणि तुम्हाला तर बायकार्बोनेट नसलेले द्रावण हवे आहे.

द्रावण ई, कॅलिब्रेशनचे (रंगाचा कोणता संकेत म्हणजे कोणता पीएच ते ठरवण्यासाठी): पोटॅशियम क्लोराइड १३० मिलिमोलर (९.६९ ग्रॅम), मॅग्नेशियम १, ग्लुकोज १०, आणि बफर २०. पीएच ६.८, ७.२ आणि ७.६ च्या बाटल्यांत हेपेस, ६.० आणि ६.४ च्या बाटल्यांत मेस हा दुसरा बफर (३.९० ग्रॅम), कारण हेपेस तिथे दुबळा पडतो. पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. नायजेरिसिन (पेशीच्या आत-बाहेरचा पीएच समान करणारे, टप्पा ७ चे संयुग) आत्ता घालू नका.

द्रावण उ, अतिसांद्र: द्रावण अ मध्ये मॅनिटॉल १०० मिलिमोलर (१८.२ ग्रॅम). हे टप्पा ९ साठी.

सावध: हेपेस दोन रूपांत मिळते, मुक्त आम्ल आणि सोडियम क्षार. डबे सारखेच दिसतात. द्रावण इ साठी मुक्त आम्लच हवे, आणि ग्लुकामिनऐवजी कोलीन क्लोराइड वापरणार असाल तर पीएच ट्रिस किंवा ग्लुकामिननेच जुळवा.

आता तापमान. हेपेसचा पीएच तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०१४ ने उतरतो. २५ अंशांवर ७.४० केलेले द्रावण ३७ अंशांवर ७.२३ च्या आसपास असते. मीटरवरचे "तापमान दुरुस्ती"चे बटण इलेक्ट्रोडची दुरुस्ती करते, बफरची नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. बडोद्यात मे महिन्यात वातानुकूलन नसलेली खोली ३५ अंशांवर असते आणि जानेवारीच्या सकाळी १८ वर, त्यामुळे "खोलीच्या तापमानाला जुळवले" या नोंदीला काही अर्थ उरत नाही. बाटली ३७ अंशांच्या पाण्यात ठेवूनच पीएच जुळवा. मीटरचे प्रमाण-बफरही त्याच तापमानाला आणा. फॉस्फेटचा २५ अंशांवर ६.८६ असणारा बफर ३७ अंशांवर ६.८४ असतो.

तपासणी: अ, आ आणि इ ची ऑस्मोलॅलिटी ऑस्मोमीटरवर मोजा. ती ३०० च्या थोडी आत-बाहेर आली तर हरकत नाही, पण तिन्ही एकमेकांपासून पाचाहून अधिक लांब नकोत. कमी असेल तिथे मॅनिटॉलने भरून काढा.

टप्पा ३: नळ्या आणि बदलाचा वेळ

पीएच चढायला सुरुवात झाली की पहिल्या मिनिटातली माहिती सर्वांत मोलाची असते. ३ मिलीच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ३ मिली द्रावण सोडले तर जुने द्रावण पूर्ण जायला कित्येक मिनिटे लागतात, आणि तुम्ही वाहक नव्हे, तुमचा पंप मोजता. वेग मिनिटाला दहा मिलीच्या घरात ठेवा, किंवा क्युव्हेटमध्ये जागा भरणारा ठोकळा बसवून आतले आकारमान घटवा.

तपासणी: पेशी न ठेवता साध्या पाण्यानंतर फिनॉल रेड घातलेले पाणी सोडा आणि रंग स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. वीस-तीस सेकंदांच्या आत हवेत. हा आकडा लिहून ठेवा. टप्पा ८ मध्ये लागणार आहे.

कॅलिब्रेशनच्या द्रावणाची नळी कायमची वेगळी ठेवा. नायजेरिसिन प्लास्टिकला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू सुटते. त्याचे लक्षण ओळखून ठेवा: साध्या द्रावण अ मध्ये पेशीचा पीएच विनाकारण घसरत राहतो आणि पल्सनंतर नीट सावरत नाही. क्युव्हेट आणि सामाईक भाग ७० टक्के इथेनॉल, मग ०.१ टक्का बीएसए (अल्ब्युमिन हे प्रथिन), मग भरपूर पाणी, अशा क्रमाने रोज धुवा.

टप्पा ४: बीसीईसीएफ भरणे

रंगाचा एएम रूपातला (पेशीत शिरू शकणारा एस्टर) साठा डीएमएसओ या द्रावकात, तो कोरडा घेऊन, १ मिलिमोलर करून १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्यांत उणे २० अंशांवर ठेवा, सिलिका जेलच्या डब्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड नळी तशीच उघडली की आत पाणी धरते आणि एस्टर तुटतो. तुटलेला रंग पेशीत शिरत नाही. नळी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा.

द्रावण अ मध्ये २ मायक्रोमोलर, २५ मिनिटे, अंधारात. रक्तद्रव अजिबात नको, त्यातले एस्टरेज (एस्टर तोडणारी विकरे) रंग बाहेरच तोडतात. ३७ अंशांवर रंग पेशीच्या आतल्या कप्प्यांतही शिरतो, म्हणून २५ ते २८ अंश बरे. उन्हाळ्यात त्यासाठी इनक्युबेटर लागतो. दोनदा धुवा आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवा, म्हणजे आत गेलेला रंग पूर्ण तुटून अडकतो.

मापन ४९० आणि ४४० नॅनोमीटरवर उत्तेजन, ५३५ वर उत्सर्जन. ४४० च्या जवळ रंगाचा संकेत पीएचनुसार बदलत नाही, म्हणून दोहोंचे गुणोत्तर घेतले की रंगाचे प्रमाण आणि पेशींची संख्या दोन्ही वजा होतात. दर ३ ते ५ सेकंदांनी एक मोजणी पुरते. प्रकाश सतत चालू ठेवला तर रंग विरतो.

सावध: रंग न भरलेल्या पेशींच्या काचेचा संकेत दोन्ही तरंगलांबींवर घ्या आणि तो *आधी* वजा करून मग भागाकार करा. भागाकार करून मग वजाबाकी केली तर गुणोत्तर निरर्थक होते.

तपासणी: द्रावण पाच मिनिटे थांबवून ठेवा, ते बाहेर काढा आणि पेशींशिवाय मोजा. त्यात लक्षणीय चमक असेल तर रंग गळतो आहे. गळलेला रंग बाहेरचा ७.४ दाखवतो आणि पेशी सावरल्याचा भास होतो.

टप्पा ५: पल्स

एका काचेचे वेळापत्रक असे:

० ते ३ मिनिटे: द्रावण अ. रेघ सपाट हवी. घसरत असेल तर पुढे जाऊ नका.

३ ते ८ मिनिटे: द्रावण आ.

८ ते ११ मिनिटे: द्रावण इ.

११ ते १७ मिनिटे: पुन्हा द्रावण अ.

आत काय होते ते समजले तर आलेखातला प्रत्येक कोपरा वाचता येतो. अमोनियम घातल्याक्षणी अमोनिया वायूच्या रूपात पटलातून सहज आत शिरतो, आतला प्रोटॉन उचलून अमोनियम होतो, आणि पीएच झटकन वर जातो, ७.२ वरून ७.७ च्या आसपास. मग तो सावकाश उतरू लागतो, कारण भारित अमोनियम पोटॅशियमच्या वाटांनी हळूहळू आत येत राहतो आणि स्वतःसोबत आम्ल आणतो. पाच मिनिटांत ही आवक साठते. बाहेरचे अमोनियम काढले की आतला अमोनिया पळतो आणि त्याने उचललेले प्रोटॉन मागे टाकतो. शिवाय नंतर आलेल्या अमोनियमचे प्रोटॉनही मागे राहतात. म्हणून पीएच मूळ पातळीच्याही खाली जातो. किती खाली, हे पल्स किती वेळ दिली त्यावर ठरते.

यातून दुरुस्त्या आपोआप कळतात. पीएच ६.७ पर्यंतही उतरत नसेल तर पल्स आठ-दहा मिनिटे करा किंवा अमोनियम ३० मिलिमोलर करा, अर्थात सोडियम तेवढेच कमी करून. ६.२ च्या खाली जात असेल तर पल्स आखडा. तिथे रंगही नीट वाचत नाही आणि पेशीही दुखावतात. सुरुवातीची उसळीच आली नाही तर द्रावण आ मध्ये अमोनियम पडलेले नाही, किंवा नळीत द्रावण पोचलेले नाही.

द्रावण इ च्या तीन मिनिटांत पीएच तळाशी जाऊन सपाट राहिला पाहिजे. प्रयोगाचा जीव इथे आहे. सपाट रेघेचा अर्थ: सोडियमशिवाय आम्ल बाहेर पडत नाही. इथेच रेघ चढत असेल तर कारणे याच क्रमाने तपासा: द्रावणात सोडियम आहे का, आधीचे द्रावण क्युव्हेटमध्ये उरले आहे का, रंग गळतो आहे का, आणि हे सगळे नीट असेल तरच प्रोटॉन पंपाचा विचार करा.

सावध: द्रावण इ मध्ये पेशी गरजेहून जास्त ठेवू नका. बाहेर सोडियम नसताना एनएचई-१ उलटा चालून आतले सोडियम बाहेर काढतो, आणि आतले सोडियम घटले की नंतरचा चढ ताजा असताना होता तसा राहत नाही. म्हणून तीन मिनिटे म्हणजे तीनच, प्रत्येक काचेला.

द्रावण अ परत आले की पीएच वर निघतो. आधी वेगाने, मग मंद होत मूळ पातळीकडे. हा चढ मोजायचा.

टप्पा ६: हा एनएचई-१ च आहे का

चढ सोडियमवर अवलंबून आहे एवढ्यावरून एनएचई-१ सिद्ध होत नाही. बायकार्बोनेट वाहून आणणारे सोडियमचे वाहकही आहेत. आपण हेपेसमध्ये, हवेच्या संपर्कात काम करतो म्हणून ते बहुतांशी थंड असतात, पण एनएचईचीच भावंडे, जसे एनएचई-३, उरतात. म्हणून एनएचई-१ अडवणारे औषध घालून पाहायचे.

कॅरिपोराइड १ मायक्रोमोलर हा पहिला पर्याय ठेवा. त्याने एनएचई-१ जवळजवळ पूर्ण थांबतो आणि एनएचई-३ ला धक्का लागत नाही. ईआयपीए हे अमिलोराइडपासून बनवलेले औषध १० मायक्रोमोलर सर्रास वापरले जाते, पण त्या मात्रेला एनएचई-३ ही बंद पडतो, म्हणून मूत्रपिंडाच्या किंवा आतड्याच्या पेशींत त्यावरून "एनएचई-१" असा निष्कर्ष काढू नका. साधे अमिलोराइड सोडियमशी जागेसाठी झुंजते, त्यामुळे भरपूर सोडियम असलेल्या द्रावणात त्याचा जोर कमी होतो. शिवाय ते सोडियम वाहिन्याही अडवते आणि स्वतः चमकते.

औषध द्रावण इ मध्येही घाला आणि मागोमागच्या द्रावण अ मध्येही. फक्त शेवटच्या बाटलीत घातले तर पहिली काही सेकंदे वाहक मोकळा असतो, आणि तीच सेकंदे तुम्ही मोजता.

तपासणी: एकाच काचेवर दोन पल्स द्यायच्या, पहिली औषधाविना आणि दुसरी औषधासह, ही पद्धत चांगली आहे. पण त्याआधी तीन काचांवर दोन्ही पल्स औषधाविना, फक्त डीएमएसओसह द्या. दुसरा चढ पहिल्याच्या दहा टक्क्यांत नसेल तर ही जोडीची पद्धत तुमच्या पेशींना लागू नाही. औषध घातलेल्या द्रावणाचा पेशींविना संकेतही एकदा घ्या.

टप्पा ७: नायजेरिसिनने कॅलिब्रेशन

नायजेरिसिन पोटॅशियम आणि प्रोटॉनची पटलातून अदलाबदल करते. आत-बाहेर पोटॅशियम समान असेल तर आत-बाहेर पीएचही समान होतो. १० मिलिमोलर साठा इथेनॉलमध्ये, अंतिम मात्रा १० मायक्रोमोलर, वापरण्यापूर्वी लगेच.

७.२ पासून सुरू करून खाली या, प्रत्येक पीएचला रेघ सपाट होईपर्यंत थांबा, साधारण तीन ते पाच मिनिटे. ६.४ ते ७.६ या पट्ट्यात सरळ रेषा चालते. त्याबाहेर वक्र वाकतो, कारण रंगाचा पीकेए (निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो पीएच) ७.० च्या जवळ आहे. पूर्ण वक्र वेगळ्या काचांवर घ्या, पण प्रत्येक काचेच्या शेवटी किमान एक बिंदू घेतलाच पाहिजे. गेल्या महिन्याचा वक्र आजच्या काचेला लावू नका. दिवा आणि रंग भरण्याची रीत दोन्ही बदललेली असतात.

बाहेरचे पोटॅशियम १४० आणि पेशीतले १२० असेल तर प्रत्येक आकड्यात ०.०७ ची चूक शिरते. तुलनात्मक प्रयोगात ती दोन्ही बाजूंना सारखी असल्याने फार बिघडवत नाही. पण एखाद्या औषधाने पेशीतले पोटॅशियमच बदलत असेल तर बिघडवते, हे ध्यानात असू द्या.

टप्पा ८: चढावरून प्रवाह

इथे सर्वाधिक प्रबंध अडखळतात. पीएच चढण्याचा वेग म्हणजे प्रोटॉन बाहेर पडण्याचा वेग नव्हे. पेशीची बफरक्षमता (पीएच एका एककाने हलवायला लागणारे आम्ल) जास्त असेल तर तेवढेच प्रोटॉन बाहेर जाऊनही पीएच कमी हलतो. प्रवाह म्हणजे चढाचा वेग गुणिले बफरक्षमता.

समजा, पहिल्या नमुन्यात चढ मिनिटाला ०.२५ आणि बफरक्षमता २० मिलिमोलर प्रति पीएच आहे: प्रवाह ५.० मिलिमोलर प्रति मिनिट. दुसऱ्यात चढ ०.२० आणि बफरक्षमता ३०: प्रवाह ६.०. नुसता आलेख पाहणारा पहिल्याला वेगवान म्हणेल आणि चुकेल.

बफरक्षमता मोजायची कृती:

१. द्रावण इ मध्ये कॅरिपोराइड घालून अमोनियम २०, १०, ५, २.५, १ आणि ० मिलिमोलर अशा बाटल्या करा, ग्लुकामिन तेवढे कमी-जास्त करून.

२. पेशींना २० मध्ये ठेवा, मग पायरीपायरीने खाली आणा. प्रत्येक पायरीवर पीएच स्थिरावला की नोंद, आणि लगेच पुढची.

३. प्रत्येक पायरीला आतले अमोनियम काढा: बाहेरचे अमोनियम गुणिले दहाचा घात (बाहेरचा पीएच वजा आतला पीएच).

४. आतल्या अमोनियमातील घट भागिले आतल्या पीएचमधील घट. ही त्या दोन पीएचच्या मधल्या बिंदूची बफरक्षमता.

उदाहरणार्थ, बाहेरचा पीएच ७.४. १० मिलिमोलरला आतला पीएच ७.४० असेल तर आतले अमोनियम १०. पुढे ५ मिलिमोलरला आतला पीएच ७.२५ झाला, तर आतले अमोनियम ५ गुणिले दहाचा ०.१५ वा घात, म्हणजे ७.०६. घट २.९४, पीएचमधील घट ०.१५, म्हणून बफरक्षमता १९.६. ती ७.३२ च्या आसपासची. पीएच खाली जाईल तशी ही क्षमता साधारणतः वाढते, म्हणून ७.३ चा आकडा उचलून ६.६ च्या चढाला लावू नका. बफरक्षमतेचा पीएचविरुद्ध आलेख काढा आणि हव्या त्या पीएचचा आकडा त्यावरून वाचा.

चढ काढताना टप्पा ३ मध्ये मोजलेले, द्रावण बदलायला लागणारे सेकंद वगळा. नंतरच्या चढाला घातांकी वक्र बसवा आणि ठरवलेल्या एका पीएचवर, समजा ६.७ वर, त्याचा उतार काढा. सगळ्या काचा त्या पीएचमधून गेल्या असल्या पाहिजेत. न गेलेली काच सरासरीत घेऊ नका.

सावध: हा हिशेब बायकार्बोनेटविना द्रावणांचाच आहे. कार्बन डायऑक्साइड असेल तर बफरक्षमतेत आतल्या बायकार्बोनेटच्या २.३ पट भर पडते.

टप्पा ९: पेशीचे आकारमान

पल्स न देता, तीन मिनिटे द्रावण अ, मग द्रावण उ. ऑस्मोलॅलिटी १०० ने वाढली की पेशी आकसते आणि एनएचई-१ कमी आम्लतेलाही चालू होतो. त्याचा प्रोटॉन ओळखण्याचा उंबरठा अल्कलीच्या बाजूला सरकतो. पाच-दहा मिनिटांत पीएच विश्रांतीच्या पातळीवरून वर जाऊन नव्या जागी थांबतो. कॅरिपोराइडने ही वाढ नाहीशी झाली पाहिजे. आकसल्याने रंग आत दाटतो, पण गुणोत्तर घेत असल्याने त्याची चिंता नाही. एकाच तरंगलांबीवर मोजणाऱ्याची मात्र इथे हमखास फसगत होते.

हेपेसमध्ये पीएच वर गेला तरी आकारमान फारसे परत येत नाही, आणि इथे अनेकांना प्रयोग फसल्यासारखे वाटते. फसलेला नसतो. आकारमान परत यायला सोडियमसोबत क्लोराइडही आत यावे लागते. क्लोराइड आणणारा वाहक बायकार्बोनेट बाहेर देऊन क्लोराइड घेतो. बायकार्बोनेट नसेल तर तो हात बांधून बसतो, आणि एनएचई-१ पीएच वर नेऊन स्वतःच मंदावतो. दोघे मिळून चालले तरच आत मीठ येते आणि मागोमाग पाणी.

म्हणून आकारमानाचा प्रयोग २५ मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट (सोडियम क्लोराइड तेवढे कमी करून) आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये करा. ३७ अंशांवर त्याचा पीएच ७.४ च्या जवळ बसतो. सिलिकॉनच्या नळ्या काढून टाका, त्यांच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि क्युव्हेटपर्यंत पोचताना द्रावण अल्कली झालेले असते. बाटलीतला पीएच बरोबर दाखवतो म्हणून खात्री धरू नका, बाहेर पडणाऱ्या द्रावणाचा मोजा. सिलिंडर संपत आला असेल तर उत्तरायणाच्या आधीच मागवून ठेवा. चौदा-पंधरा जानेवारीला तो मिळण्याची आशा धरू नये.

फक्त प्लेट रीडर असेल तर

९६ खणांच्या प्लेटमध्ये द्रावण वाहते ठेवता येत नाही, तरी उपयोगी काम होते. अमोनियमची पल्स प्लेटमध्येच द्या, खण उलटे करून रिकामे करा, द्रावण इ ने एकदा धुऊन प्रत्येक खणात द्रावण इ चे ५० मायक्रोलिटर ठेवा, आणि यंत्राच्या इंजेक्टरने द्रावण अ चे १५० मायक्रोलिटर सोडा. सोडियम त्यामुळे सुमारे १०५ मिलिमोलर होते, पूर्ण नाही. सगळ्या खणांत सारखे असल्याने तुलना टिकते, पण हे आकडे क्युव्हेटच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. यंत्र ३७ अंशांवर आधी अर्धा तास तापवा आणि इंजेक्टरची बाटलीही तापवा, कारण थंड द्रावण पडताच वाहकाचा वेग घटतो. काठावरचे खण सोडून द्या. इंजेक्शननंतरची पहिली मोजणी किती सेकंदांनी होते ते यंत्राच्या नोंदीत पाहा. दहापेक्षा जास्त असतील तर एका वेळी कमी खण वाचा.